पाना आमच्या हातात राहू द्या

मे महिना संपता संपता आमच्या जावळी तालुक्यात घराघरांत एकच गडबड असते. कौलं चाळायची, सरपण आत घ्यायचं, पागोळ्यांखालची चर मोकळी करायची. आमच्या घरी या कामांत आणखी एक असतं: बोलेरोची चारही चाकं काढून आत बघायचं. आबांच्या वडापच्या, म्हणजे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या, जीपपासून चालत आलेला हा रिवाज आहे. गेल्या वर्षी मागचं डावं चाक काढलं, ब्रेकच्या ड्रमवर चहूबाजूंनी हातोडीचे हलके ठोके दिले आणि तो ओढून काढला, तर लायनरच्या वरच्या टोकाला ओलसर चमक दिसली. बोट लावून नाकाशी नेलं. मागच्या आसाच्या हाउसिंगमधलं ऑइल दाट असतं, उग्र वासाचं असतं. हे पातळ होतं. व्हील सिलिंडरचं रबर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जरा उचललं, तसा आतून ब्रेक ऑइलचा ओघळ माझ्या मनगटावर आला.

पेडल तोवर ठीक लागत होतं. डबीतली पातळीही दोन रेषांच्या मध्येच होती. नुसती गाडी चालवून कुणाला काही कळलं नसतं. कळलं असतं ते महिन्याभराने, पाऊस लागल्यावर, केळघरचा घाट उतरताना. तेव्हा मागच्या सीटवर आई असते आणि मुलं असतात.

हा प्रसंग आधी सांगितला, कारण जुन्या गाड्यांबद्दल हल्ली जे बोललं जातं त्यात दोन गोष्टी धरूनच चालतात. गाडी जुनी झाली की ती धोक्याची, आणि मालकाने स्वतः पाना हातात घेतला की आणखी धोक्याची. माझा अनुभव आणि माझं मत दोन्ही उलट आहेत. जो गाडी खोलतो त्यालाच तिची तब्येत कळते. म्हणून सरकारला रस्ते सुरक्षित हवे असतील तर गाडीचं वय मोजण्यापेक्षा तिची तब्येत कसून मोजावी. आणि ती तब्येत राखण्यासाठी लागणारी माहिती, सुटे भाग आणि हत्यारं मालकाला आणि गावातल्या मिस्त्रीला मिळतील, अशी कायद्याने सोय करावी. आज ती सोय नाही, आणि गाड्या जसजशा नवीन येतायत तसतशी ती आणखी लांब चाललीय.

आबांची जीप प्यूजो इंजिनाची होती. मेढ्याहून साताऱ्याला दिवसाला तीन फेऱ्या, बाजाराच्या दिवशी चार. स्टॉपची दोरी ओढल्याशिवाय बंद न होणारं इंजिन ते. एकदा सुरू झालं की बॅटरी उतरली तरी त्याला फरक पडत नसे. आबा सातवीपर्यंत शिकलेले. पण त्यांच्याकडे एक लांबट वही होती, दुधाच्या हिशेबाला असते तसली. ऑइल कधी बदललं, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस कधी दिलं, शाफ्टचा क्रॉस कुठल्या दुकानातून आणला आणि किती दिवस टिकला, हे सगळं त्यात पेन्सिलीने लिहिलेलं असे. मी हाताशी उभा राहून रिंगपाने द्यायचो. चौदा-पंधराचा मागितला आणि सोळा-सतरा दिला तर ते रागवायचे नाहीत, नुसता परत द्यायचे. जीप कुरकुरली की म्हणायचे, "अरं, हात लावायच्या आधी आवाज ऐक. कुठनं येतोय ते ठरव, मग पाना उचल." मी आजही तसंच करतो.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. या पट्ट्याला यंत्राची सवय जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, तिथे विक्रीबरोबर दुरुस्तीही चालायची. त्याच माणसाने १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. आमच्या जिल्ह्यात सातारा रोडला धनजीशा कूपरांचा कारखाना होता. नांगर आणि डिझेल इंजिनं तिथून शेतकऱ्यांकडे जायची. हेच कूपर पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. कृष्णेकाठी, वेण्णेकाठी, उरमोडीकाठी विजेच्या आधी पाणी उपसलं ते डिझेल इंजिनांनी. इंजिन बंद पडलं की ऊस वाळतो. कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायला वेळ कुणाला होता? शेतकऱ्याच्या पोराने हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, गॅस्केट नसेल तर जाड कागदाची कापून बसवली. पुढे वडापच्या जीपगाड्या आल्या तेव्हा त्या संभाळणारे हात तयारच होते. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जातीच्या गाड्या पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या वाटांवर टिकल्या त्या गाडीच्या मजबुतीने जितक्या, तितक्याच या हातांनी.

माझी बोलेरो २००४ची. मी ती २००९ मध्ये दुसऱ्याच्या हातची घेतली. १५ वर्षं झाल्यावर २०१९ मध्ये नोंदणी पाच वर्षांनी वाढवली, तेव्हा फी ६०० रुपये होती. २०२४ मध्ये पुन्हा वाढवली, तोवर नवा नियम आला होता आणि ५,००० भरले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी हीच फी १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २०२९ मध्ये मी पुन्हा गेलो तर फीचेच दहा हजार मोजायचे. एवढ्या पैशांत माझ्या गाडीचे चारही चाकांचे ब्रेक नव्याने भरून होतात, आणि वर ब्रेक ऑइलही बदलून होतं. सरकारला पैसे द्यायला माझी तक्रार नाही. पण फी भरल्याने गळका व्हील सिलिंडर गळायचा थांबत नाही. या रकमेमागे एक समज आहे की जुनी गाडी ठेवणं महाग केलं की माणूस ती सोडेल. ज्याला परवडतं तो फी भरून गाडी तशीच चालवील. ज्याला परवडत नाही तो नोंदणी न वाढवता आडवाटेने चालवील. आणि फीमध्ये गेलेले पैसे दोघांच्याही ब्रेकला कमी पडतील.

स्क्रॅपचं धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालं. त्याचा गाभा मुळात चुकीचा नाही, हे मान्य करायला हवं. खासगी गाडी तपासणीत नापास झाली तर ती मोडीत, असं ते सांगतं. यंत्रांवरची तपासणी केंद्रं उभारायची हेही त्यातच आलं. मला हे हवंच आहे. रोलरवर चाकं ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो ते मोजा, डाव्या-उजव्यातला फरक मोजा, धूर मोजा, स्टिअरिंगचा ढिलेपणा मोजा. दर पाच वर्षांनी कशाला, वीस वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी करा. मी रांगेत उभा राहीन. पण सरकारी गाड्यांना १ एप्रिल २०२३ पासून सरसकट १५ वर्षांची रेघ मारली गेली. दिल्लीत १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी बंद, असा हरित लवादाचा हुकूम आला आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. हे सगळं बघून लोकांच्या मनात वयाचा आकडाच बसलाय. दिल्लीच्या हवेचा प्रश्न वेगळा आहे. तिथल्या फूटपट्टीने मेढ्यातली गाडी मोजू नये.

आता धुराचं. याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण माझ्या गाडीच्या मागे चालणाऱ्या पोराच्या फुप्फुसांचा हा सवाल आहे. २००४च्या डिझेल इंजिनाला कितीही जपलं तरी ते एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीइतकं स्वच्छ होणार नाही. त्या नव्या गाडीला धुरातले कण अडवणारी गाळणी असते, माझ्या गाडीला नाही. म्हणून पुण्यासारख्या शहरात रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणारी जुनी डिझेल गाडी बंद व्हावी, असं कुणी म्हटलं तर मी विरोध करणार नाही. माझी गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालते, तीही बहुतेक घाटात आणि रानात. आणि रस्त्यावर जो काळाकुट्ट धूर दिसतो तो बहुतेक वेळा वयाचा नसतो, हयगयीचा असतो. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. एअर फिल्टर तुंबलाय, नोझल नीट फवारत नाही, किंवा पंपाचं टायमिंग हललंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेलीत. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत शिरत असेल, हेड गॅस्केट बघा. हे ज्याला कळतं तो धूर दिसल्या दिवशी थांबतो. ज्याला कळत नाही तो पीयूसीचा कागद काढून काच वर करतो.

ब्रेक ऑइलचंही तसंच. गॅरेजवाल्यांकडून ऐकलं म्हणून मी ते दोन वर्षांनी बदलायचो, पण त्याचं कारण कळलं तेव्हापासून कधी चुकवलं नाही. ते ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-३ जातीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, आणि ओल धरलेल्यासाठी तेच किमान १४० अंशांवर येतं. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की चाकापाशी केवढी उष्णता होते, ते ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही, पेडल तळाला जातं. मग खाली उतरल्यावर गाडी गार झाली की पेडल पुन्हा नीट लागतं आणि मालक म्हणतो, काही नाही, जरा हवा धरली होती. आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात, जिथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, तिथे ही माहिती गाडीच्या मालकाच्या डोक्यात असायला हवी. ती पुस्तिकेत इंग्रजीत बारीक अक्षरात छापून उपयोग नाही.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला बसवलं ती सांगतो.

माझ्या धाकट्या चुलतभावाकडे २०१७ची मोठी गाडी आहे. कुठल्या कंपनीची ते इथे महत्त्वाचं नाही. वॉरंटी कधीच संपलीय. बामणोलीकडून येताना तिचं इंजिन थरथरायला लागलं, पिकअप गेला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. कशीबशी साताऱ्यात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे आणली. हे मिस्त्री दहावी नापास, पण मी पाहिलेल्या शहाण्या माणसांत त्यांचा नंबर वरचा. त्यांनी मेडिकलमधून सलाइनच्या चार नळ्या आणल्या आणि एकाच मापाच्या चार पाण्याच्या बाटल्या घेतल्या. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून जादा डिझेल परत टाकीकडे जातं त्या चारही तोंडांना नळ्या जोडल्या, दुसरी टोकं बाटल्यांत सोडली आणि इंजिन सुरू केलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या बाटलीत बोटभर डिझेल जमलं तोवर तिसरी निम्मी भरली होती. "तिसरा गळतोय बघा आतल्या आत," मिस्त्री म्हणाले. लाखाची यंत्रं नाहीत, चार बाटल्या. दोष सापडायला वीस मिनिटं लागली.

नवा इंजेक्टर त्याच बनावटीचा, बिलासह, पुण्याहून मागवला. बसवला. आणि तिथे काम अडलं. अशा प्रत्येक इंजेक्टरच्या अंगावर एक कोड कोरलेला असतो. कारखान्यात मोजून ठरवलेला, हा इंजेक्टर किती वेळात किती डिझेल सोडतो ते सांगणारा. तो कोड गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावा लागतो, म्हणजे त्या हिशेबाने तो डिझेल सोडतो. त्यासाठी स्कॅनर लागतो, आणि नुसता दोष वाचणारा स्वस्तातला चालत नाही, कोड भरू देणारा लागतो. मिस्त्रींकडचा त्या गाडीला कोड भरू देईना. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला भावाने फोन केला. उत्तर आलं की भाग आमच्याकडून घेतलेला नाही, त्यामुळे कोड भरून मिळणार नाही. चारही इंजेक्टर आमच्याकडून बसवा, गाडी टो करून आणा. भाग अस्सल, काम नीट झालेलं, गाडी भावाच्या नावावर, कर्ज फिटलेलं. तरी त्या गाडीला चार अक्षरं सांगायचा अधिकार भावाला नव्हता. अकरा दिवस गाडी मिस्त्रींच्या दारात उभी होती. भावाचा भाजीचा माल त्या दिवसांत भाड्याच्या टेम्पोने गेला. शेवटी स्कॅनर घेऊन गावोगाव फिरणारा एक मुलगा आला, त्याने दहा मिनिटांत कोड भरला आणि गाडी शांत चालू लागली.

त्या अकरा दिवसांत मी जरा वाचत बसलो. या देशात या प्रश्नावर बोललं गेलं नाही असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. आयोगाचं म्हणणं सरळ होतं. कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, दोष शोधायची साधनं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत, बाहेर काम केलं की वॉरंटी जाईल अशी भीती घालतात, आणि त्यामुळे ग्राहक बांधला जातो. हे सगळं खुलं करा, असाही हुकूम होता. निकालाला आव्हान मिळालं, प्रकरण वर गेलं. इतक्या वर्षांनी आमच्या मिस्त्रींच्या टपरीवर त्या हुकुमातलं काय पोचलं, ते मी वर सांगितलंच आहे.

पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत चार गोष्टी होत्या: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती वापराच्या टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. पाऊल चांगलं आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तिथे कंपनीने माहिती ठेवली तर ठेवली. त्यानंतर वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे गुण ठरवण्याची जी चर्चा झाली, तीही मोबाइल आणि घरातल्या उपकरणांभोवती. ज्या जिल्ह्यात ट्रॅक्टर आणि जीपगाडीवर संसार चालतात तिथल्या माणसाने मोबाइलच्या आधी याचा आग्रह धरायला हवा.

बाहेरच्या देशांनी हे केलंय. युरोपीय संघाने २००७ च्या नियमात लिहून ठेवलं की गाडी बनवणाऱ्याने दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजनाही आपल्या डीलरइतक्याच सहज द्यायची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटारींसाठी दुरुस्तीचा हक्क मतदानाने मंजूर केला. तिथल्या १९७५च्या वॉरंटी कायद्यानुसार अमुक ब्रँडचाच भाग वापरा, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट सहसा घालता येत नाही. तिथेही यातल्या कित्येक कंपन्यांच्या गाड्या विकल्या जातात. त्यांचा धंदा बुडाला नाही.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहितो. दुरुस्तीची पुस्तिका आणि वायरिंगचा नकाशा परवडेल अशा किमतीत कुणालाही मिळावा, आणि निदान देखभालीचा भाग मराठीत असावा. सुट्या भागांचे नंबर उघड असावेत. डीलरचा स्कॅनर जे करू देतो तेच, चावी आणि चोरीरोधक कुलूप सोडून, बाहेरच्या नोंदणीकृत मिस्त्रीच्या स्कॅनरलाही करता यावं. चावीचं मी मुद्दाम वगळतो. गाडी चोरीला जाऊ नये यासाठी तिथे कुलूप हवंच, फक्त ओळख पटवून काम करायची एक रीत असावी. वॉरंटीच्या काळात मालकाने स्वतः ऑइल बदललं, बिलं ठेवली, तर तेवढ्यावरून वॉरंटी तुटू नये. आणि सरकार जर २० वर्षांनंतरही १०,००० रुपये घेऊन नोंदणी वाढवून देतं, तर तेवढी वर्षं त्या गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग आणि पाट्यांचे भाग बाजारात राहतील, याचीही जबाबदारी कुणावर तरी टाकावी. नोंदणीचा कागद चालू आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर मिळत नाही, ही अवस्था धोक्याची आहे. मग माणूस स्क्रॅपवाल्याकडून वापरलेला काढून बसवतो.

कंपन्या म्हणतील की अडाणी माणसाने हात घातला आणि अपघात झाला तर? हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. मी नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणारी माणसं पाहिलीयत. जॅक ही उचलायची वस्तू आहे, तोलून धरायची नाही. गाडी उचलली की खाली लोखंडी घोडी हवी, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड हवेत आणि जमीन कडक हवी. आमच्या लाल मातीत मी घोडीखाली जाड फळी टाकतो. नव्या डिझेल गाडीच्या पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या नळीत हजार बारच्याही वर दाब असतो. चालू इंजिनावर ती नळी सैल करू नये, ती धार कातडीच्या आत घुसते. एअरबॅगला घरी हात लावू नये. ही कामं शिकलेल्याचीच. आणि ऑइल बदलल्यावर निघालेलं पाच-सहा लिटर काळं ऑइल ओढ्यात सोडू नये. आमच्याकडे वाळवी लागू नये म्हणून ते वाशांना फासायची पद्धत आहे, उरलेलं परसात ओततात. आमचं पाणी वेण्णेतून कण्हेरच्या धरणात जातं आणि तेच पुढे लोक पितात. मी ते कॅनमध्ये साठवून मिस्त्रींकडे देतो, ते वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याला देतात.

पण यातून काय निघतं ते बघा. धोका अज्ञानात आहे. मग माहिती कुलपात ठेवून अज्ञान कमी कसं होणार? माणूस हात घालणारच. साताऱ्यापासून तीस-चाळीस किलोमीटरवरच्या वाडीत, मुसळधार पावसात गाडी बंद पडली तर तो बॉनेट उघडणारच. डिझेलमध्ये पाणी आलं, फिल्टर तुंबला, लाइनने एअर घेतली, की फिल्टरवरचा हँडपंप मारून बुडबुडे जाईस्तोवर वरचा स्क्रू सैल ठेवायचा आणि सलग डिझेल आलं की आवळायचा, हे त्याला कुणीतरी दाखवलेलं असेल तर तो दहा मिनिटांत घरी निघतो. दाखवलेलं नसेल तर तो बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत बसतो.

माझ्या पुतणीला मी हे दाखवलंय. ती आयटीआयला आहे, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड. वर्गात त्या एकूण तीन मुली. तिचे हात बारीक आहेत, पंपामागचा जो बोल्ट मला दिसतही नाही तिथे तिचा पाना सहज जातो. वर्षभर ती जुन्या इंजिनांवर शिकतेय. खोलणं, मोजणं, बसवणं, सगळं नीट शिकवतात. पण बाहेर पडल्यावर तिच्यापुढे येणाऱ्या गाड्या २०१७च्या, २०२०च्या असतील, आणि त्यांचे नकाशे तिला कुणी देणार नाही. मग तिला दोनच वाटा. एखाद्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतील तेवढे भाग बदलत राहायचं, नाहीतर आमच्या मिस्त्रींसारखं स्वतःच्या टपरीवर बसून, कुठून कुठून मिळवलेल्या अर्धवट माहितीवर, अंदाजाने काम करायचं. जिल्ह्यातली पोरं पुण्याला चाललीत म्हणून आपण कळवळतो. इथे गावात राहून करता येण्यासारखा एक अंगमेहनतीचा आणि डोक्याचा धंदा आहे. त्याचं दार कायद्याच्या एका कलमाने उघडता येतं.

परवा मिस्त्रींकडे बोलेरोचे पाटे बघायला गेलो होतो. मागच्या पाट्याचं एक पान तडकलंय, ते पावसाआधी बदलायचंय. टपरीत खिळ्याला एक वही लटकवलेली दिसली, अगदी आबांच्या वहीसारखी लांबट. उघडली. दर पानावर गाडीचा नंबर, मालकाचं नाव, आणि खाली चार ओळींत आकड्या-अक्षरांची रांग. भावाच्या गाडीचंही पान होतं. तेव्हापासून नवी डिझेल गाडी कुठल्याही कामाला आली तरी मिस्त्री टॉर्च धरून चारही इंजेक्टरवरचे कोड उतरवून घेतात. ते भरायचा स्कॅनर त्यांच्याकडे अजून नाही. इंग्रजी अक्षरं ओळखायला ते शनिवारी माझ्या पुतणीला बसवतात. तिने पाचावर फुली मारून एस केलाय आणि खाली पेन्सिलीने लिहिलंय, पुन्हा बघणे.